पोंकाच्या मोसमातली सिंफनी

पोंक आला. सकाळी चहा गाळत होते, तर वरच्या मजल्यावरचे जयेशभाई दारात उभे. हातात कागदाचा पुडा. "लो बेन, आ वरसनो पहेलो," म्हणाले आणि मी काही विचारायच्या आत जिना चढून गेलेसुद्धा. पुडा अजून कोमट होता. चहा तसाच टाकून मी ओट्याशी उभ्या उभ्या मूठभर दाणे तोंडात घातले आणि अंगावर सरसरून काटा आला. पोंक खाऊन काटा येणारी अख्ख्या सुरतेत मी एकटीच असेन.

पोंक म्हणजे आपला हुरडाच. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजायची, कापडात गुंडाळून काठीने झोडपायची आणि आतले हिरवे दाणे पाखडून घ्यायचे. आमचं घराणं जळगावकडचं, त्यामुळे माझी जीभ हुरडा आणि शेंगदाण्याच्या चटणीवर वाढलेली. सुरतेत मात्र या दाण्यांचे भारी लाड. सोबत लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे, वर पोंकाचे गरम वडे. आईला इथे येऊन उभा जन्म झाला, तरी ती अजून कुरकुरते, "हुरड्याला शेव कशाला? तो काय चिवडा आहे?" आणि कुरकुरत शेव वाढून घेते.

तर काटा येण्याचं कारण शेव नव्हे. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीपासून पोंकाचा वास आला की माझ्या कानात ऑर्केस्ट्रा सुरू होतो. तोही इटलीचा. हसू नका. मी आयुष्यभर मराठी शाळेत विज्ञान शिकवलं, नाट्यगीतं ऐकत भाकऱ्या थापल्या, आणि सिंफनी हा शब्द माझ्या लेखी एका कूलरचं नाव असावा इतपतच होता. पण त्या थंडीने मला असं काही धरलं की अजून सोडलेलं नाही.

त्याचं असं झालं, भेस्तानच्या आईच्या घराला वाळवी लागली. औषध मारणारे म्हणाले, माळा रिकामा करा. माळ्यावर काय नव्हतं! तांब्याचा बंब, माझ्या भावाची तीनचाकी, बाबांच्या कारखान्यातले साडीच्या कापडाचे नमुने आणि सगळ्यांच्या मागे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने बांधलेलं एक खोकं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती गाठ बघून मी लगेच ओळखलं, ही बाबांची. ते साधं पार्सलसुद्धा असं बांधत की उघडणाऱ्याने त्यांचं नाव घेऊन रडावं. खोकं उघडलं तर आत कॅसेटीच कॅसेटी. तापीला मोठा पूर आला होता त्या वर्षी माळ्यावर भयंकर ओल चढली होती. तिने सगळी लेबलं सुटून तळाशी त्यांचा एकच लगदा झाला होता. एखाददुसऱ्यावर निळ्या शाईतली परकी अक्षरं अर्धीमुर्धी उरलेली.

"अव माय! त्या गोऱ्याच्या कॅसेटी!" आई खालून ओरडली. "तुझ्या बाबांनी हात नाही लावू दिला कोणाला. मी म्हटलं, भजनं भरून घेते यांच्यावर, तर काय केलं माहितीये? सगळ्यांचे दात पाडून ठेवले."

दात म्हणजे कॅसेटच्या वरच्या कडेची ते दोन चिमुकले चौकोन. ते मोडले की त्या कॅसेटवर नवं काही रेकॉर्ड होत नाही. ज्या काळात घराघरांत लोक जुन्या गाण्यांवर गरबा आणि गरब्यावर बारशाचं रडणं भरून घेत होते, त्या काळात बाबांनी एका परक्या माणसाचं परकं संगीत दात पाडून राखलं होतं. स्वतः त्यांनी ते किती ऐकलं कोण जाणे. बाबांचं गाण्यातलं ज्ञान आरतीपर्यंत.

हा गोरा म्हणजे रेन्झोकाका. बाबा कडोदऱ्याला एका कापडाच्या कारखान्यात हिशेबनीस होते. माझ्या दहावीच्या आगेमागे तिथे इटलीहून नवे लूम आले आणि ते बसवायला हा उंच, वाकलेला, लाल कानांचा माणूस. ऑफिसात त्यातल्या त्यात बरं इंग्रजी बाबांचं, म्हणून शेठनी पाहुण्याला त्यांच्या गळ्यात बांधलं. उन्हाळा त्याला सोसायचा नाही, म्हणून कंपनी त्याला थंडीतच पाठवी. ओळीने तीन-चार थंड्या तो आला आणि दर रविवारी आमच्याकडे जेवला. आई त्याला तिखट कमी घालून वांग्याची भाजी करी आणि तो घाम पुसत "बेल्लो, बेल्लो" म्हणत ती संपवी. ऊस दिला तर मान हलवून नको म्हणायचा. पोंक मात्र वाडगाभर. नुसता, शेवेशिवाय. त्यामुळे आईला तो फार आवडायचा. बाबा एकदा म्हणाले होते की हा आपल्या गावी बँडमध्ये वाजवायचा. झालं, त्या दिवसापासून आमच्या घरात तो बँडवाला. माझ्या डोळ्यांसमोर लाल कोट, सोनेरी झालर आणि वरातीपुढे गाल फुगवून वाजवणारा रेन्झोकाका. शेवटच्या खेपेला निघताना हे खोकं त्याने बाबांकडे ठेवलं, पुढच्या थंडीत नेतो म्हणून. पुढच्या थंडीत कंपनीने दुसराच माणूस पाठवला.

कॅसेट वाजवायची तर यंत्र हवं. ते जयेशभाईंकडे होतं. जयेशभाईंचा धंदा साड्यांना लेस लावण्याचा, आणि व्यसन जुन्या टेपरेकॉर्डरांचं. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, त्यांची एक खोली आहे. भाभींनी घरातून हाकललेली सगळी यंत्रं तिथे सुखाने नांदतात. औषधाचा वास जाईपर्यंत आईला मी माझ्याकडे आणलं आणि खोकं घेऊन वर गेले, तेव्हा जयेशभाईंनी आधी हात धुतले. मग एकेक कॅसेट कानाशी हलवून पाहिली, स्क्रू काढून पट्टीवरची बुरशी मऊ कापडाने टिपली. मी तोवर खोलीत येरझारा घालत होते. मी स्वभावाने उतावळी. कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण उघडायला बघणारी बाई. "जयेशभाई, लावा ना एकदाची!"

त्यांनी कळ दाबली. नुसती खरखर. कुणीतरी खोकलं. खुर्च्या सरकल्या. मग कुणीतरी काठीने टक टक केलं आणि एकदम शंभर माणसं एका दमात बोलायला लागावीत तसा आवाज उसळला. मी मागच्या पत्र्याच्या डब्यावर बसलेच. जयेशभाईंचा हात कळीवरच राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही वेड्यासारखे हसलो. कशाला हसलो ते सांगता येणार नाही. आनंदाला पहिल्यांदा तोंड फुटतं ते असंच.

मग जयेशभाईंनी फोन पुढे केला. कुठलंही गाणं ऐकवलं की त्याचं नाव सांगणारं काहीतरी त्यात असतं. त्याने ऐकलं, गोल गोल फिरला आणि म्हणाला, सापडलं नाही. दुसरी कॅसेट लावली, नाही. तिसरी, नाही. जयेशभाईंचे डोळे मोठे होत गेले. "बेन, आने खबर नथी! आख्ख्या जगाचं गाणं ज्याला माहीत, त्याला हे माहीत नाही!" उत्साहात त्यांची मराठी आणि गुजराती अशी हातात हात घालून धावते. मी तीस वर्षं पोरांना सांगत आले होते की शोध म्हणजे जे कुणाला ठाऊक नाही ते आपल्याला आधी दिसणं. स्वतःला त्याची चव पहिल्यांदा लागली ती अशी, पत्र्याच्या डब्यावर बसून.

त्या थंडीत मी वाचून वाचून डोळे लाल केले. इटली म्हणजे ऑपेरा, गाणाऱ्यांचा देश. तिथे लोकांना गळा हवा, नाटक हवं, टाळ्या घेणारी तान हवी. अशा देशात काही माणसं नुसत्या वाद्यांसाठी लिहीत बसली. शब्द नाहीत, नायिका नाही, कुणी मरत नाही, कुणी पडद्यामागून सुरा काढत नाही. लोकांनी ऐकलं, बरं म्हटलं आणि विसरून गेले. आपल्याकडेही गाण्याच्या घरात वाजवणारा जन्माला आला की त्याला साथीला बसवतात. त्याला स्वतःचं काही सांगायचं असेल हे ध्यानातच येत नाही. अर्ध्यामुर्ध्या अक्षरांवरून जुळवलेली नावं मी इथे लिहीत नाही. लिहिली तरी कुणाला ओळखीची वाटणार नाहीत, हेच तर त्यांचं दुःख. एकाने समुद्रावर लिहिलं होतं आणि त्यात लाट एकदाही आदळत नव्हती, नुसती येते आहे येते आहे असं वाटत राहायचं. एकाने जुन्या नाचांना नवे कपडे शिवले होते. एकात घंटा होत्या, त्या ऐकून आई म्हणाली, "हे आपल्या एकादष्णीला लावायला चांगलं." रेन्झोकाकांनी यातलं बरंच रेडिओवरून उतरवून घेतलेलं असावं, मध्येच एखादी बाई गोड आवाजात इटालियन बातम्या सुरू करी आणि कट्ट करून बंद होई.

आमची रविवारची मैफल जमली. मी, जयेशभाई आणि सुमनताई. सुमनताई म्हणजे सुरतेतल्या मराठी मुलींच्या कित्येक पिढ्यांच्या गाण्याच्या बाई. पंचाहत्तरी ओलांडली, पण सुराला ढिलाई नाही. भेंडीसुद्धा ठोकून बघून घेतील. पहिल्याच रविवारी समुद्राचा तुकडा ऐकताना त्यांनी अशी काही "वाहवा!" दिली की शेजारच्या अगाशीवरची कबुतरं उडाली. "सुमनताई, तिकडे मध्ये बोलत नाहीत म्हणे," मी कुजबुजले. "मग वाजवणाऱ्याला कळायचं कसं, की पोचलं म्हणून?" त्या म्हणाल्या.

या खोक्यात चार कॅसेटी एकसारख्या होत्या, राखाडी, एकाच कंपनीच्या. प्रत्येकीच्या एकाच बाजूवर वाजवलेलं, दुसरी बाजू कोरी. चारही रेडिओवरच्या नव्हत्या. तोच खोकला, त्याच खुर्च्या, तीच काठीची टक टक. एकाच रचनेचे चार भाग आहेत हे सुमनताईंनी लगेच सांगितलं. तेच सूर वेष बदलून पुन्हा पुन्हा येत होते. पण क्रम कोणता? लेबलांचा तर लगदा झालेला.

"क्रम काय विचारतेस, नंदा?" सुमनताई म्हणाल्या. "आधी विलंबित, मग मध्यलय, मग द्रुत. जगात कुठेही जा."

इतकं सरळ होतं. चारांत एक अगदी संथ होती. एक मध्यम चालीची. एक चपळ, उड्या मारणारी. आणि एक अशी सुसाट की जयेशभाईंनी तिचं नाव राजधानी एक्स्प्रेस ठेवलं होतं. आम्ही त्या तशा ओळीने लावल्या आणि अहो, काय जमलं ते! आधी माणूस एकटा बसून मनातलं बोलतो, मग चालायला लागतो, मग त्याला चार माणसं भेटतात, मग सगळी मिळून पळत सुटतात. आम्हाला शंकेला जागाच उरली नाही. जयेशभाईंनी लाल पेनने कॅसेटींवर एक-दोन-तीन-चार आकडे घातले. पोंकाचा तो सगळा मोसम आम्ही दर रविवारी सिंफनी अशी ऐकली, मांडीवर पुडा, वर कोवळं ऊन.

त्यातलं विलंबित माझं फार लाडकं. सुरुवातीला तारवाद्यं कुठेतरी लांब नुसता षड्ज धरून ठेवल्यासारखी. आणि मग एक आवाज येतो. बाकी सगळे हॉलच्या पलीकडे आणि हा अगदी कानाशी. जाड, गोल, थोडा धुरकट. घाई नाही. दोन पावलं चढतो, थांबतो, एक पाऊल उतरतो. आम्ही त्याला आलाप म्हणायचो. हे वाद्य कोणतं यावर आमचे वाद झाले. सुमनताईंचा कौल कुठल्यातरी मोठ्या व्हायोलिनला. जयेशभाई म्हणायचे, बासरीचा मोठा भाऊ असेल. मला तो माणसाचाच गळा वाटायचा. भांडी घासताना मी तो गुणगुणायची, वर्गात पोरं प्रयोग लिहीत असताना गुणगुणायची. "बाई, काहीतरी म्हणताय का?" असं पोरींनी विचारलं की गप्प बसायची.

हे नेमकं आहे काय, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. इंटरनेटवर जुन्या रेकॉर्डिंगच्या शौकिनांचा एक इटालियन गट सापडला. जयेशभाईंनी राजधानी एक्स्प्रेसचा एक तुकडा तिथे टाकला, खाली रेन्झोकाकांचं नाव आणि त्यांचं गाव. दुसऱ्या दिवशी पाहते तो उत्तरांचा पाऊस. सगळं भाषांतर करून वाचलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, हा तर आमच्याच गावच्या संगीतकाराच्या सिंफनीचा शेवटचा भाग! तिची लिहिलेली प्रत गावच्या ग्रंथालयात आहे, पण रेकॉर्डिंग जगात कुठेच नाही. हौशी वाद्यवृंदाने ती एकदाच वाजवली होती. तुम्हाला हे हिंदुस्थानात मिळालं कसं?

मी तो निरोप मोठ्याने वाचला तेव्हा माझा आवाज चिरकत होता. जगात कुठेच नाही! आणि भेस्तानला, वाळवी लागलेल्या माळ्यावर आहे! "शेवटचा भाग म्हणाला ना?" सुमनताईंनी बोट वर केलं. "बघ. आपण शेवटीच लावला होता. मी म्हटलं नव्हतं?" त्यांचा आनंद क्रमाचा, माझा सापडल्याचा, आणि जयेशभाईंचा या दोन्हींचा. त्या दिवशी आम्ही पोंकाचे वडे इतके खाल्ले की रात्रीचं जेवण रद्द झालं.

आणि मग लुचियाचा निरोप आला.

ती रेन्झोकाकांची मुलगी. आपले बाबा गेल्या वर्षी गेले, असं तिने लिहिलं होतं. ते त्या वाद्यवृंदात हॉर्न वाजवायचे. ती पाळण्यात होती तेव्हा एका अपघातात त्यांचे पुढचे दात गेले आणि हॉर्न कायमचा सुटला. त्यांनी तो विकूनही टाकला. तिने त्यांना वाजवताना कधीच ऐकलं नव्हतं. ते मात्र सांगत, त्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात एक लांब एकट्याने वाजवायचं काम होतं, ते माझं होतं, मी ते टेप करून ठेवलंय, हिंदुस्थानातल्या मित्राकडे आहे. घरात सगळे हसायचे. भाऊ म्हणायचे, बाबांचा तो हॉर्न आणि तो हिंदुस्थान, दोन्ही दर वर्षी थोडे थोडे वाढतात. "मला फक्त एवढंच सांगा," तिने लिहिलं होतं, "तिसऱ्या भागात हॉर्न आहे का?"

आई म्हणाली, "म्हणून तो ऊस खात नव्हता." आणि पदराने डोळे पुसायला लागली.

आम्ही तिसरी कॅसेट लावली. तीच ती चपळ, उड्या मारणारी. कान टवकारून ऐकली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हॉर्न कसा वाजतो हे आम्हाला ठाऊकच होतं ना! वरातीतला बँड कुणी ऐकलेला नाही? पीऽऽ करून कान फाडणारं काहीतरी हवं होतं. तशा दोन-चार आरोळ्या होत्याही, पण घोळक्यात, क्षणभर. एकट्याचं लांब काम कुठेच नाही. मग चौथी ऐकली. तिथेही नाही. जयेशभाईंनी पट्टी तुटली आहे का, मधलं काही गेलं आहे का तेही पाहिलं. पट्टी अखंड होती.

काय लिहिणार? मी दोन दिवस टाळलं. मग लिहिलं, की बाई, तिसरा भाग आहे, पण त्यात तुझ्या बाबांचं एकट्याचं काही नाही. सगळे भाग फोनवर उतरवून सावकाश पाठवतो. तिचं उत्तर लगेच आलं: आभार, घाई नाही. एवढंच. विज्ञानात नकारार्थी उत्तर हेही उत्तरच असतं, हे मी पोरांना शिकवते. त्या संध्याकाळी मला ते वाक्य अजिबात उपयोगी पडलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, की कशाला लेकीला असली आशा लावलीस, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. वांग्याची भाजी पुसून खाणारा तो माणूस थापाड्या असेल हे मनाला पटेना. त्या रविवारी आम्ही सिंफनी लावलीच नाही.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, आलं. सुरतेत त्या दिवसांत जमिनीवर कुणी नसतं. सगळं शहर अगाशीवर. पुढच्या रविवारी आमची दुपार आणि तिची सकाळ साधून लुचियाने व्हिडिओवर यायचं ठरवलं, निदान बाबांच्या कॅसेटी जपणाऱ्यांची तोंडं बघायची म्हणून. सण सरला तरी आजूबाजूला पतंग चालूच होते, मध्येच "काप्यो छे!" ची आरोळी उठत होती. फोनच्या पडद्यावर तिचं स्वयंपाकघर, खिडकीत बर्फाचा उजेड आणि रेन्झोकाकांचे लाल कान लावलेली एक चाळिशीची बाई. तिचं आणि माझं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे छान जमलं. तिला आई दाखवली, खोकं दाखवलं, पोंक दाखवला. ती हसली, पण हसू पुढे सरकेना.

"बाबा दाढी करताना रोज एकच सूर गुणगुणायचे," ती म्हणाली. "विचारलं की म्हणायचे, हा माझा आहे. बहुतेक तोही त्यांनी मनाने रचलेला." आणि तिने तो म्हणून दाखवला. गाणारी नव्हती ती. आवाज कापत होता. दोन पावलं वर चढली, थांबली, एक पाऊल उतरली. तिथेच संपलं. "एवढाच येतो मला."

मग ती जिथे थांबली तिथून सुमनताईंनी पुढचं उचललं. डोळे मिटून, मांडीवर बोट टेकवून, सरगमसकट. "ग म प... ध प... म ग रे सा..." ठेहरावासह, तो धुरकट आवाजसुद्धा गळ्यात आणून. मोसमभर ऐकलेलं, हाडीमाशी मुरलेलं. मीही सुरात सूर मिसळला, आणि जयेशभाई, ज्यांना गाता येत नाही आणि ज्यांनी कधी गाऊ नये, तेही. पडद्यावर लुचियाचं तोंड उघडं ते उघडंच.

"काप्यो छे!" जयेशभाई एकदम ओरडले, दोन्ही हात वर करून. "आ तो आपणो आलाप! बेन, आलाप म्हणजेच हॉर्न!" आजूबाजूच्या अगाश्यांवरून कुणाचा पतंग कटला म्हणून लोक वळून बघायला लागले.

मग सगळा उलगडा घाईघाईत, एकमेकांना तोडत झाला. मी तिला म्हणाले, पण हा तर पहिला भाग आहे! ती म्हणाली, पहिला कसा? संथ भाग कधी पहिला असतो का? आमच्याकडे आधी चालतात, मग उड्या मारतात, तिसऱ्या वेळी बसून मनातलं बोलतात, आणि शेवटी पळतात. आणि वाद्य? हॉर्न मऊही वाजतो, ती म्हणाली, बाबा म्हणायचे की ओरडायला कुणालाही येतं. आणि तो इतका कानाशी का, तेही तिला ठाऊक होतं. तालमीत टेप करायची परवानगी नव्हती. त्यांनी टेपरेकॉर्डर आपल्या खुर्चीखाली लपवला होता, ही गोष्टसुद्धा घरात थाप म्हणूनच प्रसिद्ध होती. आमच्या विलंबिताच्या हट्टाने तिचे बाबा पहिल्या नंबरावर बसले होते आणि आम्ही त्यांना तिसऱ्यावर शोधत होतो. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुमनताई मात्र ठाम. "त्यांचं त्यांना लखलाभ," त्या मला म्हणाल्या. "पण मनातलं आधी बोलून मग चालायला लागावं, हेच बरोबर."

जयेशभाईंनी ती राखाडी कॅसेट लावली आणि फोन स्पीकरच्या समोर धरला. मी खालून माझाही हात लावला. तारवाद्यांनी लांबून सूर धरला. मग रेन्झोकाका वाजवायला लागले. लुचियाने हातातला कप खाली ठेवला आणि दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले. आमच्या डोक्यावर पतंगांची फडफड चालली होती. संपेपर्यंत ती हलली नाही. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर आभार मानेल.

ती म्हणाली, "पुन्हा सुरुवातीला जा."

जयेशभाईंनी कॅसेट मागे घेतली. हॉर्न सुरू झाला. "नाही," ती म्हणाली, "त्याच्या आधी. वाजायच्या आधी." आणखी मागे घेतली. तेव्हा आम्ही सगळ्या थंडीत जे एकदाही ऐकलं नव्हतं ते ऐकलं. तारांच्या त्या षड्जामध्ये, सूर लागायच्या जरासं आधी, खुर्चीवर बसलेला एक माणूस लांब श्वास घेतो. नाकाने. आत जाताना त्याची बारीक शिट्टी वाजते.

"हे बाबा," लुचिया म्हणाली. "हॉर्न काय, कुणाचाही असेल. ही शिट्टी त्यांची. मी शेजारच्या खोलीत झोपायचे, मला माहीत आहे." तिने डोळे मिटले. "पुन्हा लावा ना."

त्या दुपारी आम्ही सिंफनीत त्या श्वासाच्या पुढे गेलोच नाही. ती पुन्हा म्हणत राहिली, जयेशभाई कॅसेट मागे घेत राहिले, आणि रेन्झोकाका श्वास घेत राहिले.